मायक्रॉनकाका

मायक्रॉनकाकांचं खरं नाव मेन्टेनन्सच्या पावतीवर असतं. एरवी ते कुणी वापरत नाही. हे बारसं सोसायटीतल्या पोरांनी केलं. क्रिकेट खेळताना चेंडू काकांच्या गाडीखाली गेला की तो आणायला गेलेल्या पोराला आधी उभं राहून ऐकून घ्यावं लागतं, की माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो असतो ४० ते ५०. ‘म्हणजे केसापेक्षा पातळ! आणि तू तिथे पँटची चेन घासत आत शिरतोयस.’ एवढं झाल्यावर चेंडू मिळतो, तोही काका स्वतः आडवे होऊन काठीने काढून देतात. काठीच्या टोकाला स्पंज बांधलेला आहे.

सोसायटी कुठलीही घ्या, पुण्यातली, ठाण्यातली, नाशिकची, पार्किंगमध्ये असा एक गृहस्थ निघतोच. बाकीच्यांचा आणि गाडी धुण्याचा संबंध एक तारखेला पाचशे रुपये देण्यापुरता. गाडी स्वच्छ दिसली की झालं, ती कशी झाली हे विचारायचं नाही, असा एकूण शिरस्ता. हा गृहस्थ मात्र रविवारी सकाळी सातला बादल्या, एक स्टूल आणि खांद्यावर चार रंगांची चार फडकी घेऊन लिफ्टमधून उतरतो. त्याला ‘काय, गाडी धुवायला का?’ असं लिफ्टमध्ये विचारू नये. तळमजला येतो, उत्तर संपत नाही.

आमचे काका भोसरीच्या एमआयडीसीत क्वालिटीत होते. क्वालिटीत म्हणजे लाईनवरून आलेला माल हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि तो का चालणार नाही हे सांगायचं. निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळालं तेव्हा त्यांनी नारळ कानाशी हलवून पाहिला आणि दुसरा मागितला, अशी दंतकथा आहे. मला ती खरी वाटते. निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने घरच्यांचे फार वाईट गेले. पोळीची जाडी, पडद्याची चूण, दुधाच्या पिशवीवरची तारीख, सगळ्यावर शेरे. भाजीवाला तर त्यांना लांबून पाहिलं की हातगाडी पुढे ढकलायचा. मग त्यांनी गाडी घेतली आणि, काकूंच्या शब्दांत, ‘घर सुटलं.’

घेताना सगळ्यांनी सांगितलं होतं, पांढरी घ्या. आपल्याकडच्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्या उगाच जास्त नाहीत. ऊन कमी शोषतात, धूळ लपते, ओरखडे लपतात, विकायला काढली तर गिऱ्हाईक लवकर मिळतं. काकांनी काळी कुळकुळीत घेतली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘पांढऱ्यावर काही दिसतच नाही हो. मग बघायचं काय?’ डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमवाले पेढे आणि हार घेऊन उभे होते आणि काका टॉर्च घेऊन. त्यांची अट एकच होती: गाडी धुऊन द्यायची नाही. ‘सर, धूळ आहे हो वर,’ सेल्समन कळवळून म्हणाला. ‘राहू दे. तुमच्या फडक्यापेक्षा धूळ बरी.’

टॉर्चचं प्रकरण समजून घेतल्याशिवाय काका समजत नाहीत. काळी गाडी उन्हात उभी असली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या गोल रेषा दिसतात. लोकांना वाटतं, पुसणाऱ्याने गोल गोल हात फिरवला. तसं नसतं. बारीक ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ झाल्यासारखं दिसतं. टॉर्च सरकवला की जाळं टॉर्चबरोबर सरकतं. हे काकांनी मला माझ्याच बॉनेटवर करून दाखवलं. तोवर माझी गाडी मला चांगली वाटायची.

त्यांचं म्हणणं असं, की यातले बहुतेक ओरखडे रस्त्यावर पडतच नाहीत. धुताना नि पुसताना पडतात. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे कण, म्हणजे क्वार्ट्झ. त्याची कठिणता मोहच्या मापावर ७, साध्या चाकूच्या पोलादापेक्षा जास्त. आमच्या सोसायटीच्या तिन्ही अंगांना टॉवर उभे राहतायत, त्यामुळे रात्रीत गाडीवर जे बसतं त्याला धूळ म्हणणं हा बिल्डरांचा सन्मान आहे. त्यावरून कुणी कोरडं फडकं मारलं की काकांना पॉलिश पेपरचा आवाज ऐकू येतो. दुसऱ्याची गाडी असली तरी येतो.

बी विंगच्या आजोबांना हे पटत नाही. त्यांच्याकडे फियाट पद्मिनी होती आणि ते तिला रॉकेलचा हात मारायचे. ‘आरसा व्हायची आरसा! भांग पाडा त्यात बघून.’ काका शांतपणे सांगतात, की त्या गाड्यांना रंगाचाच जाड थर असायचा, वर वेगळी पारदर्शक साय नव्हती, घासलं तरी खाली रंगच निघायचा. आताच्या पत्र्यावर आधी ई-कोट, मग प्रायमर, मग रंग, मग क्लिअर कोट, आणि चारही मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. आजोबा म्हणतात, तरीच आताच्या गाड्या टिकत नाहीत. ‘मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती!’ ‘हो,’ काका म्हणाले, ‘मग रॉकेलला कंटाळून बंद झाली.’ त्या दिवसापासून आजोबा सकाळचा फेरा दुसऱ्या बाजूने घालतात.

रविवारचा विधी मी गॅलरीतून पाहत आलो आहे, पार्किंगमधली माझी जागा त्यांच्या शेजारचीच असल्यामुळे जवळूनही. गाडी आदल्या रात्रीच सावलीच्या बाजूला लागते, कारण तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळून डाग धरतो. अंगठी आणि घड्याळ काकूंकडे जमा. पट्ट्याचं बक्कल नको म्हणून पँट नाडीची. टी-शर्टला बटण नाही. आधी चाकं. त्यांच्यावर ब्रेकची लोखंडी पूड बसलेली असते, म्हणून त्यांचा ब्रश वेगळा, बादली वेगळी, आणि ती लाल, म्हणजे चुकायला नको. मग गाडीवर नुसतं पाणी, हात न लावता. मग झाडांवर औषध मारायच्या हातपंपातून फेस. हा फेस पाचेक मिनिटं धूळ सैल करत गाडीवरून खाली उतरतो आणि तेवढा वेळ काका स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहतात. त्या पाच मिनिटांत त्यांना काहीही विचारलं तरी ते ‘हं’ म्हणतात. कमिटीने दोन ठरावांवर त्यांची संमती अशीच मिळवली आहे.

फेस उतरला की खरं काम. दोन बादल्या, एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाला जाळी. हातात मायक्रोफायबरचा झुबकेदार मोजा. शाम्पूत बुडवून एक सरळ पट्टा ओढायचा, मोज्याच्या वजनाने, हाताच्या नाही. मोजा उलटून दुसरा पट्टा. मग साध्या पाण्यात जाळीवर रगडून माती सोडायची, पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. छतापासून सुरुवात, दारांचा खालचा वीतभर भाग सगळ्यात शेवटी, कारण चिखल तिथे. एवढं करून साध्या पाण्याच्या बादलीत जाळीखाली चिमूटभर रेती उरते. ती काका एका पांढऱ्या बशीत काढतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. ‘बघा. ही सगळी बॉनेटवर फिरली असती.’ बशी काकूंच्या सेटमधली आहे. सेट आता पाच बश्यांचा आहे.

मोजा हातातून निसटून जमिनीवर पडला तर संपलंच. झटकून, खंगाळून तो परत गाडीला लागत नाही. त्याची बदली चाकांकडे होते. फडक्यांचीही अशीच उतरती भाजणी आहे. आधी बॉडी, मग काचा, मग चाकं, मग दारांच्या खाचा आणि शेवटी काकूंचा ओटा. उलटा प्रवास नाही. एकदा काकूंनी ओट्याचं फडकं धुऊन, नीट घडी घालून बॉडीच्या ढिगात ठेवून दिलं. तीन रविवार काही झालं नाही. चौथ्या रविवारी काकांना बॉनेटवर फोडणीचा वास आला.

ही फडकी वॉशिंग मशीनमध्ये एकटी जातात. सुती कपड्यांची लव त्यांना चिकटते, म्हणून सोबत कुणी नाही. कंडिशनरने धागा बुळबुळीत होतो आणि पाणी टिपत नाही, म्हणून तो नाही. कोपऱ्यातलं कंपनीचं लेबल आणल्या दिवशीच कात्रीने उडवलेलं, कारण त्याची शिवण कडक. ‘माझ्या पैठणीची कधी एवढी चौकशी झाली नाही,’ काकू म्हणतात. हे अगदी खरं नाही. पैठणी मलमलीत गुंडाळून ठेव, हे काकांनीच सांगितलं होतं. मलमलही त्यांनीच आणली. ती पुढे डॅशबोर्डला गेली, हा भाग वेगळा.

धुऊन झालेली गाडी काका पुसत नाहीत, टिपतात. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाला टिपावं तसा मोठा टॉवेल पत्र्यावर अंथरायचा, वरून तळवा ठेवायचा, उचलायचा. आणि हे भरभर, कारण आमचं पाणी. उन्हाळा लागला की सोसायटीत टँकर आणि बोअर यांच्यावर भागतं आणि त्या पाण्याचा थेंब काळ्या पत्र्यावर वाळला की क्षाराचा पांढरा ठिपका ठेवून जातो. कुणीतरी सुचवलं, शेवटच्या धुण्याला घरच्या आरओचं सोडलेलं पाणी वापरा. काकांनी त्या माणसाकडे कीव येऊन पाहिलं. फिल्टर जे क्षार अडवतो ते त्याच पाण्यातून बाहेर टाकतो. त्यांनी स्वतःचा उपाय शोधलाय एसीच्या नळीत. हवेतलीच वाफ थंड पडून ठिबकते, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतातच. टीडीएस मीटरने खात्री करून त्यांनी चार फ्लॅटच्या नळ्यांखाली कॅन लावले. एप्रिल-मेमध्ये काका लोकांशी फार गोड वागतात. ‘रात्री एसी लावताय ना? लावत जा. अंगावर काढू नका.’ तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना त्यांनी भर लिफ्टमध्ये ‘तुमचं पाणी सगळ्यात चांगलं आहे’ असं सांगितलं, तेव्हा वहिनींनी घरी जाऊन वॉटर प्युरिफायरवाल्याला फोन करून धन्यवाद दिले.

पाण्यावरून सर्वसाधारण सभेतही एकदा गाजलं. त्या वर्षी टँकरचं बिल वाढलं होतं आणि सेक्रेटरींनी ठराव मांडला, की सोसायटीत गाडी धुणं बंद. पुरावा म्हणून त्यांनी बेंगळुरूचा दाखला दिला: मार्च २०२४ मध्ये तिथे पाण्याची इतकी ओढ होती, की पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५००० रुपये दंड लावला होता. काका कागद घेऊन उठले. पाईप लावून दहा मिनिटं गाडी धुतली तर शंभर लिटर तरी सहज जातात. त्यांच्या बादल्या, फेस आणि वरचं पाणी मिळून पन्नासच्या आत, आणि त्यातलं शेवटचं पाणी सोसायटीचं नाहीच, हवेतलं आहे. शेवटी ठराव झाला, की पाईप बंद, बादली चालू. सेक्रेटरींची स्वतःची गाडी पाईपने धुतली जायची, हे काकांनी सभेत सांगितलं नाही. फक्त कागदाच्या मागे टॉर्चने काढलेले त्यांच्या बॉनेटचे फोटो होते, ते त्यांना नंतर दिले.

आता गाडी पुसणाऱ्या पोऱ्याबद्दल. हा पहाटे साडेपाचला येतो आणि दोन तासांत वीसेक गाड्या उरकतो, एका बादलीत, एका फडक्यात. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या बोलेरोची माती डॉक्टरांच्या गाडीला आणि डॉक्टरांची माझ्या गाडीला लागते. (सोसायटीत समता म्हणावी तर एवढीच.) सुरुवातीला काकांनी त्याला सुधारायचा प्रयत्न केला. दोन बादल्या दिल्या, मोजा दिला, गेटजवळ उभं करून पट्टा कसा ओढायचा ते शिकवलं. त्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, ‘काका, एवढ्यात माझ्या सहा गाड्या होतात.’ त्याचा मुद्दा बिनतोड होता. पण जाता जाता हात लागतो म्हणून, किंवा उगाच काकांवरच्या मायेने, तो त्यांच्या गाडीवरही एक फडकं मारून जायचा. फुकट. दोन वेळा सांगून पाहिलं, तिसऱ्या वेळी तोडगा निघाला. काका त्याला दर एक तारखेला पाचशे रुपये देतात, गाडी न पुसण्याचे. त्या बदल्यात तो काकांच्या गाडीपासून दोन हात लांबून चालतो. हा व्यवहार दोघंही इमानाने पाळतात.

दसरा म्हणजे काकांच्या परीक्षेचा दिवस. वाहनाची पूजा नको म्हणणारे ते नव्हेत. पण आपली पूजा क्लिअर कोटचा विचार करून लिहिलेली नाही. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर हळद, त्यावर अक्षता, वर झेंडूचा हार, तोही बारीक तारेत ओवलेला, आणि तो वायपरला अडकवून गाडीने गावभर फिरायचं. काका आदल्या रात्री स्वतः दोऱ्यात हार ओवतात. पहिल्या वर्षी स्वस्तिक कुठे काढायचं यावर काकूंशी बराच वेळ बोलणी चालली. काकांचा आग्रह काचेसाठी. ‘काचेला काही होत नाही. अगदी मधोमध काढ.’ ‘मधोमध काढते, मग तुम्ही रस्ता काय डोळे मिटून बघणार?’ अखेर काचेच्या वरच्या कोपऱ्यात छोटंसं निघालं. अक्षता मात्र बॉनेटवरच पडायला हव्यात, हे काकूंनी सोडलं नाही. मग काका म्हणाले, टाकू नकोस, ठेव. काकूंनी पाच दाणे एकेक करून ठेवले. नारळ गाडीपुढे फोडायचा प्रश्न आला तेव्हा काकांनी पावलं मोजत मोजत तो गेटपर्यंत नेला आणि फोडला. तो सेक्रेटरींच्या गाडीपुढे पडला. त्या वर्षी सेक्रेटरींना गाडीच्या खर्चाचा काही त्रास झाला नाही, असं काकू अजून सांगतात.

गाडीने लांब जायचं म्हटलं की काकांचा चेहरा पडतो, पण काकूंचं माहेर गुहागरकडे. तिथली वाडीत उतरणारी वाट अरुंद, जांभ्याची तांबडी धूळ आणि दोन्ही अंगांनी करवंदीच्या जाळ्या. पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी वाटेच्या तोंडाशी गाडी थांबवली, उतरले, हातात दोन काठ्या घेतल्या आणि जाळ्या बाजूला धरत पुढे चालू लागले. मागून काकूंनी गाडी आणली. वाडीतली माणसं गड्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत बघायला जमली, की जावई पायी आणि लेक गाडीत हा कुठला नवस. काकूंना गाडी इतकी सफाईदार येते हे आम्हाला या गोष्टीतूनच समजलं. पुण्यात चावी काकांच्या उशाखाली असते.

तीन वर्षांपूर्वी काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, काही आठवडे वाकायचं नाही, डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, धुळीत जायचं नाही. म्हणजे गाडी धुणं सोडून जगात जे काही उरतं ते करा. काका काळा चष्मा लावून घरात बसून राहिले. गाडी धुऊन, टिपून, कव्हर घालून ठेवली होती. कव्हर फक्त धुतलेल्या गाडीलाच घालायचं, नाहीतर आतली धूळ वाऱ्याने घासली जाते, हे त्यांनी त्या काळात भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. डोळा बरा झाला, काकांनी कव्हर काढलं आणि नव्या भिंगातून पहिल्यांदा गाडी पाहिली. त्यांना साक्षात्कार झाला. डावा मागचा दरवाजा! इतकी खोल चमक, इतका सपाट रंग, एक रेघ नाही. आपण इतकी वर्षं हा दरवाजा नीट पाहिलाच नव्हता, मोतीबिंदूमुळे दिसत नव्हता, असं त्यांनी मला गहिवरून सांगितलं. कारणमीमांसाही तयार होती: ही बाजू उत्तरेच्या भिंतीकडे, ऊन कमी, वरच्या उंबरावरची वटवाघळं पलीकडच्या फांदीला लटकतात, त्यामुळे त्यांची घाण या दारावर पडत नाही. तेव्हापासून पाहुणा आला की काका त्याला चहाआधी खाली नेऊन डाव्या मागच्या दरवाज्यासमोर उभं करतात. ‘यात बघा स्वतःला. नीट हाताने धुतलेली गाडी अशी दिसते.’

यंदा दिवाळीनंतर जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या एका कंपनीचा मुलगा आला. काकांना गाडी विकायची नव्हती. पण तपासणी फुकट होती आणि तो मुलगा रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन येतो असं काकांना कुठूनतरी कळलं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या भाषेत बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला, वॉचमनला आणि सेक्रेटरींना खाली बोलावून घेतलं होतं. पोऱ्या पलीकडे बोलेरो पुसत होता.

मुलाने मीटर बॉनेटला टेकवलं. १०८. काकांनी आमच्याकडे पाहिलं. छत ११२. उजवं पुढचं दार ११५, मागचं १११. कारखान्यातून येतो तसा रंग, सलग. ‘मेन्टेन केलीये काका,’ मुलगा म्हणाला. काकांनी मान किंचित खाली घातली. मग त्यांनी त्याला हाताला धरूनच डाव्या बाजूला नेलं. ‘आता हा बघ.’

२८६.

‘पुन्हा लाव.’

२९१. ‘शून्य सेट केलंस का सकाळी?’ मुलाने खिशातून नमुन्याची पट्टी काढून मीटर तपासून दाखवलं. मीटर बरोबर होतं. दाराच्या मधोमध लावलं तर ३४०.

‘काका, हा दरवाजा परत रंगवलाय. खाली थोडी पुट्टी पण आहे.’

‘शक्य नाही. हा माझा सगळ्यात चांगला दरवाजा आहे.’

‘चांगलाच आहे की. काम मस्त केलंय कुणीतरी.’

क्वालिटीतल्या माणसाला दोष सापडला की तो मुळाशी जातो. ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारायची तिथे पद्धतच असते. काकांना एकदाही विचारावा लागला नाही. त्यांनी वर पाहिलं. गॅलरीत काकू एकच टॉवेल फार काळजीपूर्वक वाळत घालत होत्या.

‘अगं!’

‘ऐकतेय. तो गेटचा खांब आहे ना, तो जरा पुढे आलेला आहे.’

‘कधी?’

‘तुमच्या डोळ्याच्या वेळी. भाजी आणायला गेले होते.’

काका वॉचमनकडे वळले, वॉचमन खांबाकडे बघू लागला. मग त्यांची नजर बोलेरोकडे गेली. पोऱ्याचं फडकं थांबलं होतं.

‘तुला माहीत होतं?’

‘मेव्हण्याच्याच गॅरेजला दिली होती काका, दिघीला. मी सांगणार होतो तुम्हाला. पण काकू महिन्याला पाचशे देतात.’

‘कशाचे?’

‘न सांगायचे. तुमचे न पुसायचे, ते वेगळे.’

मीटरवाल्या मुलाने टॅब पुढे करून रिपोर्टमध्ये काय लिहू म्हणून विचारलं. काकांनी खिशातून टॉर्च काढला, दाराच्या खाचेत मारला, कड बघितली, रबर उचलून आतली रेष बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, ‘काही लिहू नकोस. आता सगळी गाडी परत मोजायची. वीतवीतभर अंतरावर. एक कोपरा सोडायचा नाही.’

मुलाने घड्याळ पाहिलं आणि मागच्या बाजूने सुरुवात केली. वरून काकूंनी वाकून विचारलं, ‘अरे बाळा, बंपर प्लास्टिकचा असतो ना? त्याच्यावर हे यंत्र चालत नसेल, नाही का?’